हिरडा, आवळा, गुळवेल: प्रोजेक्टच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

आज एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या गाईड मॅडमनी विषयावर सही केली. हिरडा, आवळा आणि गुळवेल, प्रत्येकाचे दोन अर्क, एक मिथेनॉलमधला आणि एक साध्या पाण्यात उकळलेला काढा, आणि प्रश्न एकच की परीक्षानळीत जो अर्क सगळ्यात जोरदार अँटीऑक्सिडंट (मोडतोड करणाऱ्या रेणूंना इलेक्ट्रॉन देऊन विझवणारा) निघतो तोच जिवंत पेशीला पण सगळ्यात जास्त वाचवतो का. मागच्या बॅचेसची डिझर्टेशन्स कपाटात आहेत ती आज चाळली. जवळजवळ सगळ्यांनी डीपीपीएच (जांभळं द्रावण, अँटीऑक्सिडंट घातलं की पिवळं पडतं) करून आयसी-५० (ते निम्मं विझवायला लागणारं अर्काचं प्रमाण) काढलाय आणि शेवटच्या पानावर लिहिलंय की ही वनस्पती कॅन्सर, डायबेटिस, हृदयविकार यांवर उपयोगी ठरू शकते. मधल्या पायऱ्याच नाहीत. जांभळं द्रावण पिवळं पडणं आणि माणसाचं लिव्हर वाचणं यात केवढं अंतर आहे, त्यातली एक तरी पायरी कॉलेजच्या लॅबमधे चढता येते का ते मला खरंच बघायचंय.

उंदरांवर काम करायचं तर समितीची परवानगी, ॲनिमल हाऊस हे सगळं लागतं, ते इथे नेरूळला आमच्याकडे नाही, आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी उंदीर मारावेत असं मला वाटतही नाही. त्यामुळे यीस्ट. पेशीला केंद्रक आहे, मायटोकॉन्ड्रिया आहेत, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट) आहे, कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणारं एन्झाईम) आहे, आणि रात्रीतून वाढतं.

२३ नोव्हेंबर

माल गोळा केला. हिरडा ठाण्यात काष्ठौषधीच्या दुकानातून. दुकानदार काकांनी आधी विचारलं बाळहिरडा हवाय की सुरवारी, आणि हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण बाळहिरडा म्हणजे आठी धरायच्या आधीच पडलेलं किंवा तोडलेलं बारकं काळं फळ आणि सुरवारी म्हणजे पूर्ण पिकलेलं मोठं, झाड तेच पण आतलं रसायन सारखं असेलच असं नाही. कितीतरी पेपरमधे नुसतं 'हिरड्याचं फळ' एवढंच लिहिलेलं असतं. आम्ही सुरवारी घेतला, आठी काढून फक्त साल वापरायची. बाळहिरडा जुन्नर-आंबेगावकडचे आदिवासी गोळा करतात, तिकडे तो वर्षाच्या कमाईचा मोठा आधार असतो, तो पुढे कधीतरी वेगळा करून बघायला पाहिजे.

आवळे वाशीच्या फळ मार्केटमधून, आत्ता सीझन चालू झालाय, टणक आणि डाग नसलेले निवडले.

गुळवेल आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतल्या कडुनिंबावरची. प्रोजेक्ट पार्टनरचं म्हणणं होतं येऊरला जाऊन आणू, पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथलं पानही तोडता येत नाही आणि ते बरोबरच आहे. शिवाय जाणकार कडुनिंबावर चढलेलीच गुळवेल चांगली मानतात, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना विचारून करंगळीएवढ्या जाडीचं खोड कापून घेतलं. वरून कागदासारखी पापुद्र्याची साल निघते, आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, पानं हृदयाच्या आकाराची आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

काका म्हणाले, "अगं मी लॉकडाऊनपासून रोज सकाळी पेलाभर काढा पितो, तुझा रिपोर्ट आला की मला सांग, डोस वाढवू का." मी त्यांना तिथेच सांगितलं की काका, माझ्या प्रोजेक्टमधून डोस निघणार नाही आणि तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवून लिव्हरच्या टेस्ट करून घ्या. २०२१ मधे मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंट रिपोर्ट केले होते, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेतलेल्यांना कावीळ आणि लिव्हरला सूज आलेली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की ती वनस्पती खरी गुळवेलच होती हे नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. वाद कुठे का जाईना, दोन्ही बाजू ऐकून मला एकच दिसतं, की ओळख पक्की केल्याशिवाय एक ग्रॅमही दळायचं नाही. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी-पुळ्या असतात. आपल्याकडे अजून एक टिनोस्पोरा सायनेन्सिस पण सापडते, तिच्या पानाला खालून लव असते.

२६ नोव्हेंबर

सीएसएमटीला उतरून झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमला नमुने दिले. तिघांचे. हिरड्याचं नुसतं फळ देऊन भागत नाही, पान-फांदी लागते, ती ओळखीच्या एका शेतकरी दादांकडून मुरबाडहून मागवली. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या फांद्या हातात घेऊन ट्रेनमधे उभं राहणं हे या प्रोजेक्टमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम आहे आत्तापर्यंत.

४ डिसेंबर

वाळवण. उन्हात नाही, सावलीत. आवळा चिरला की लगेच काळा पडायला लागतो, फिनॉल्स (वनस्पतींतले बरेच अँटीऑक्सिडंट याच गटातले) हवेतल्या ऑक्सिजनशी आणि फळातल्याच एन्झाईमशी भिडतात, म्हणजे ज्या गोष्टी मोजायच्या त्याच वाळताना खर्च होतात. म्हणून आवळ्याच्या पातळ फोडी करून थेट ट्रे ड्रायरमधे ४० डिग्रीला. गुळवेल फार चिवट, तुकडे करून ठेचूनच वाळवावी लागली. हर्बेरियमकडून कळलं की नमुने बरोबर आहेत, नंबर मिळाले, आता दळायला हरकत नाही.

९ डिसेंबर

अर्क काढणं सुरू. मिथेनॉलसाठी सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंट परत परत फिरवून अर्क काढणारं उपकरण) मोकळं होतं पण वापरलं नाही. हिरडा आणि आवळा यांच्यातले बरेचसे टॅनिन्स (तुरट चवीचे मोठे फिनॉल्स) पाण्याने आणि उष्णतेने तुटणारे आहेत, चेब्युलॅजिक ॲसिड, चेब्युलिनिक ॲसिड वगैरे, तासन्‌तास गरम ठेवलं की त्यातून गॅलिक ॲसिड, एलॅजिक ॲसिड सुटं होतं आणि मग आपण झाडातलं मोजतोय की सॉक्सलेटमधे तयार झालेलं ते कळत नाही. त्यामुळे मिथेनॉलचा अर्क रूम टेंपरेचरला शेकरवर ठेवून. काढ्याला मात्र घरच्यासारखंच उकळायचं, कारण लोक तोच पितात आणि उकळताना जे तुटतं ते त्यांच्या पोटात तसंच जातं. भरड पुडीच्या सोळापट पाणी, मंद आच, चौथाई उरेपर्यंत, मग मलमलने गाळून फिल्टर पेपर.

काढा आटवून कोरडा करणं हे मोठं संकट आहे. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) नाही, वॉटर बाथवर पोर्सेलिन डिशमधे ६० डिग्रीला करतोय, आणि गुळवेल नि आवळा दोन्ही गुळाच्या काकवीसारखे चिकट होतात, वर नवी मुंबईची हवा, खाडीचा दमटपणा, डिश बाहेर काढून वजन करेपर्यंत आकडा चढत जातो. लॅबचे मामा एवढी वर्षं इथे आहेत, त्यांनी न सांगता डेसिकेटरमधली (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातली) ओल शोषून गुलाबी पडलेली सिलिका ओव्हनमधे भाजून परत निळी करून ठेवली आणि म्हणाले, "ताई, बाटली काढायची, वजन करायचं, लगेच परत आत. गप्पा नंतर." तेच केलं तर लागोपाठची वजनं जुळायला लागली. अर्काचं वजन चुकलं की पुढचा प्रत्येक आकडा चुकीचा, त्यामुळे मामांचं हे वाक्य मेथडमधे आपल्या शब्दांत लिहिणार आहे.

१६ डिसेंबर

एकूण फिनॉल्स. फोलिन-सिओकाल्टो रीएजंट, दहापट पातळ केलेला २.५ मिली, अर्क ०.५ मिली, साडेसात टक्के सोडियम कार्बोनेट २ मिली, अर्धा तास थांबून ७६५ नॅनोमीटर. स्टँडर्ड गॅलिक ॲसिड. फोलिनची बाटली पिवळी असली पाहिजे, हिरवट झाक आली असेल तर फेकायची, आमची पिवळी होती.

अपेक्षेप्रमाणे हिरडा सगळ्यात वर, आवळा त्याच्या मागे, गुळवेल खूपच खाली. पण हे लक्षात ठेवायचं की फोलिन फक्त फिनॉल ओळखत नाही, त्याला इलेक्ट्रॉन देणारं काहीही चालतं, व्हिटॅमिन सी पण, काही साखरा पण. १९२७ मधे हा रीएजंट मुळात प्रथिनांतले टायरोसिन, ट्रिप्टोफॅन मोजायला निघाला होता, वनस्पतींच्या फिनॉल्ससाठी तो १९६५ च्या सुमारास वाईनवर काम करणाऱ्यांनी रुळवला. आवळ्यात व्हिटॅमिन सी असल्यामुळे त्याचा आकडा फुगणारच. म्हणून रिपोर्टमधे 'एकूण फिनॉल्स' म्हणून छाती फुगवून लिहायचं नाही, 'फोलिनशी अभिक्रिया करणारे पदार्थ, गॅलिक ॲसिडच्या हिशोबात' असं लिहायचं. मॅडमना पटलं.

२२ डिसेंबर

डीपीपीएच. १९५८ पासून चालत आलेली मेथड. हा एक स्थिर मुक्त मूलक (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आहे, गडद जांभळा, ५१७ नॅनोमीटरला शोषतो, त्याला कुणी इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की पिवळा पडतो. ३.९४ मिलिग्रॅम १०० मिली मिथेनॉलमधे म्हणजे ०.१ मिलिमोलर, बाटलीला फॉईल गुंडाळून, रोज ताजा. ३ मिली डीपीपीएच, १ मिली अर्क, अंधारात अर्धा तास. कंट्रोल (अर्क न घातलेली नळी) ०.८५ च्या आसपास येतोय, हिशोबाने येतो तेवढाच.

आज हिशोबावरच जास्त वेळ गेला पण तो फार कामाचा निघाला, म्हणून नीट लिहून ठेवते. ॲस्कॉर्बिक ॲसिडचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. नळीत शेवटी डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर आहे, त्यातला अर्धा म्हणजे ०.०३७५ विझवायला ॲस्कॉर्बिक ०.०१८७५ मिलिमोलर पुरेल, रेणुभार १७६, म्हणजे मिलीलिटरला ३.३ मायक्रोग्रॅम. हा झाला ॲस्कॉर्बिकचा थिअरीतला आयसी-५०, कागदावर, प्रयोग न करता. आता कुणी डीपीपीएच दुप्पट घेतलं तर आयसी-५० आपोआप दुप्पट होईल. कुणी नळीतल्या शेवटच्या कॉन्सन्ट्रेशनऐवजी ओतलेल्या १ मिलीचं कॉन्सन्ट्रेशन लिहिलं तर आमच्या केसमधे आकडा चौपट दिसेल, १३ च्या पुढे. ॲस्कॉर्बिक तेच, बदललं काहीच नाही! म्हणजे एका पेपरातला आवळ्याचा आयसी-५० आणि दुसऱ्या पेपरातला हिरड्याचा शेजारी ठेवून 'आवळा भारी' असं म्हणण्याला काडीचा अर्थ नाही, जोपर्यंत दोघांनी ॲस्कॉर्बिकचा आकडा पण दिलेला नाही. आम्ही प्रत्येक दिवशी ॲस्कॉर्बिक लावणार आणि सगळं त्याच्या पटीत मांडणार. आमचा ॲस्कॉर्बिक थिअरीच्या अगदी जवळ आला, खूप बरं वाटलं.

काढ्याच्या नळ्यांना वेगळी काळजी. डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही, पाणी जास्त झालं की गढूळ होतं, म्हणून काढ्याचा कोरडा अर्क थोड्याच पाण्यात विरघळवून बाकी मिथेनॉलने भरलं. आणि हिरड्याचा स्वतःचा रंग आहे, तर प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला डीपीपीएच न घालता एक वेगळा ब्लँक, तो रंग वजा करायला.

३ जानेवारी

डीपीपीएचचा निकाल, तीन वेगवेगळ्या दिवशीचा. हिरडा मिथेनॉल पहिला, हिरडा काढा त्याच्या अगदी मागे, मग आवळ्याचे दोन्ही, आणि गुळवेल इतकी मागे की १०० मायक्रोग्रॅमला पण अर्ध्यापर्यंत पोचत नाही.

यात मला आवडलं ते वेळेचं. ॲस्कॉर्बिक घातल्याघातल्या रंग जातो, सेकंदांत संपतं. हिरडा आधी पटकन खाली येतो आणि मग अर्धा तास झाला तरी हळूहळू उतरतच राहतो. अर्धा तास हा आकडा कुणीतरी सोयीने ठरवलेला आहे, हिरड्याचं काम तेव्हा संपलेलं नसतं. आम्ही दोन तासांपर्यंत रीडिंग घेतलं आणि पूर्ण रेघ ग्राफमधे दाखवणार.

११ जानेवारी

फ्रॅप (अर्क लोहाच्या आयनला किती इलेक्ट्रॉन देतो ते मोजणारी टेस्ट) केलं. ५९३ नॅनोमीटर, क्रम तोच. विशेष काही नाही.

१९ जानेवारी

लॅबला सुट्टी, वाचन. इथून पुढचा भाग का करायचा हे स्वतःला स्पष्ट असावं म्हणून लिहितेय.

नळीत मूलक विझवणाऱ्या गोष्टी माणसाला दिल्या की काय होतं याची मोठी परीक्षा झालेली आहे. फिनलंडमधे २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई ची ट्रायल झाली, १९९४ मधे निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमधे फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ मधे वेळेआधी थांबवावी लागली. आणि २०१२ मधे अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटीऑक्सिडंट ताकदीची त्यांची ओरॅक नावाची यादीच वेबसाईटवरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या.

मग झाडपाल्याचं संरक्षण म्हणजे सगळंच खोटं का? अजिबात नाही. संरक्षण होतं पण मार्ग वेगळा असू शकतो. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरमधे त्याचा एक विषारी तुकडा तयार होतो, तो ग्लुटाथायोन संपवतो, आणि मग पेशी मरतात. त्यावरचा उपाय एन-ॲसिटाइलसिस्टीन, ते मुख्यतः ग्लुटाथायोन परत बनवायला कच्चा माल पुरवतं. म्हणजे पेशीचं स्वतःचं सैन्य उभं करणं. आपल्या पेशींत कीप-१ आणि एनआरएफ-२ अशी प्रथिनांची जोडी आहे, एरवी कीप-१ दुसऱ्याला धरून ठेवतो आणि नष्ट करायला पाठवतो, पण थोडासा रासायनिक त्रास झाला, कीप-१ वरच्या सल्फरच्या जागांना धक्का लागला, की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि संरक्षणाचे कितीतरी जीन्स चालू करतं. वनस्पतींतले बरेच रेणू असा थोडासा त्रासच देत असावेत. यीस्टमधे ही जोडी नाही पण याप नावाचं प्रथिन जवळपास तेच काम करतं. आणि यीस्टला आधी अगदी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं की नंतरचा मारक डोस ते सहन करतं, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे.

तर प्रयोग असा मांडायचा की विझवणं आणि तयार करणं वेगळं दिसेल. एका गटात अर्क आणि पेरॉक्साइड सोबत. दुसऱ्या गटात अर्क आधी तासभर, मग पेशी धुवून काढायच्या, अर्क गेला, आणि मग पेरॉक्साइड. धुतल्यावरही वाचल्या तर ते श्रेय बाहेरच्या विझवण्याला देता येणार नाही.

३० जानेवारी

बेकरीचं कोरडं यीस्ट, प्लेटवर ओढून एकच कॉलनी घेतली, वायपीडी (यीस्ट वाढवायचं पोषक माध्यम), ३० डिग्री. पेशी वाढीच्या ऐन भरातल्या घ्यायच्या, वाढ थांबलेल्या पेशी मुळातच दणकट असतात, त्यांना पेरॉक्साइड फारसं लागत नाही. पेरॉक्साइडची बाटली जुनी होती, लेबलवर ३० टक्के, पण ते हळूहळू विघटित होत राहतं, त्यामुळे परमँगनेटने टायट्रेट करून खरी ताकद काढली आणि तीच धरली. १ ते १० मिलिमोलरमधे डोस शोधला, ज्याला निम्म्याहून बऱ्याच जास्त पेशी मरतात पण सगळ्या नाही.

७ फेब्रुवारी

मेलेल्या पेशी मोजायला मिथिलीन ब्ल्यू लावायचं ठरलं होतं. जिवंत पेशी त्याला रंगहीन करते, मेलेली निळी दिसते. मॅडमनी अट घातली की आधी पेशी न घालता नुसता अर्क आणि रंग एकत्र करून बघा. बघितलं. ॲस्कॉर्बिकने रंग फिका व्हायला लागला, आणि हिरड्याच्या नळीत तर तळाशी निळा गाळ बसला. बरोबरच आहे, ॲस्कॉर्बिक स्वतः रंगाला इलेक्ट्रॉन देतं, आणि टॅनिन असले रंग धरून खाली बसवतं, हिरडा कापड रंगवण्याआधी वापरतात तो याच गुणामुळे. म्हणजे या पद्धतीत जिथे अर्क शिल्लक असेल तिथे मेलेली पेशीही जिवंत वाटली असती आणि हिरडा खोटाच हिरो झाला असता. हे मला इतकं महत्त्वाचं वाटलं की त्या दोन नळ्यांचा फोटो रिपोर्टमधे मोठा टाकणार. मिथिलीन ब्ल्यू रद्द, आता प्लेटवर कॉलनी मोजायच्या. वेळ खूप लागेल, प्लेट्सही बऱ्याच लागतील. चालेल.

२१ फेब्रुवारी

ट्रान्स-हार्बर लोकलचा गोंधळ, नेरूळला पोचायला दुपार झाली, कल्चर पुढे निघून गेलेलं, आजचं रद्द.

२६ फेब्रुवारी

पहिला पूर्ण सेट. सोबतच्या गटात हिरडा आणि ॲस्कॉर्बिक दोघांनीही पेशी भरपूर वाचवल्या, हे व्हायलाच हवं होतं, पेरॉक्साइड बाहेरच गारद होत असणार. धुतलेल्या गटात चित्र पालटलं. ॲस्कॉर्बिकचा फायदा जवळजवळ गेला. हिरड्याचा मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅमचा डोस धुतल्यावर पण वाचवतोय. आणि १००० मायक्रोग्रॅमला पेरॉक्साइड न देताच कॉलनी कमी. तिथे घाईने 'हिरडा विषारी' लिहायचं नाही, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशींचे गठ्ठे झालेत, टॅनिनने पेशींच्या भिंतीवरची प्रथिनं एकमेकांना चिकटवलेली, आणि वीस पेशींचा गठ्ठा प्लेटवर एकच कॉलनी देतो. काही मेल्या पण असतील. या मोजणीतून ते वेगळं करता येत नाही, म्हणून तो डोस निष्कर्षातून बाहेर.

गुळवेलचा काढा, जो डीपीपीएचमधे शेवटून पहिला होता, तो धुतलेल्या गटात थोडा पण वाचवतोय.

८ मार्च

सेट परत परत केला. गुळवेलची दिशा दरवेळी तीच, प्रमाण मात्र बरंच हलतं. आवळ्याचा काढा मधे कुठेतरी.

१४ मार्च

आजचा प्रयोग मॅडमच्या डोक्यातून आलेला. गॅलिक ॲसिडसारखे फिनॉल्स पोषक माध्यमात ठेवले की हवेतल्या ऑक्सिजनशी भिडून स्वतःच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हे २००० सालापासून नोंदलेलं आहे. मग हिरड्याचं ५० मायक्रोग्रॅमचं संरक्षण यातून तर येत नाही? म्हणजे तासभर अर्क दिला तेव्हा त्याने थोडंसं पेरॉक्साइड बनवलं, यीस्ट सावध झालं, आणि मोठा डोस आला तेव्हा तयार होतं. तपासायचं कसं, तर त्या तासाभरात सोबत कॅटॅलेज घालायचं, बनलेलं पेरॉक्साइड लगेच तुटेल, धुताना कॅटॅलेज पण निघून जाईल. तुलनेला एक नळी नुसत्या कमी डोसच्या पेरॉक्साइडची, ०.२ मिलिमोलर, आणि एक उकळून निकामी केलेल्या कॅटॅलेजची.

१७ मार्च

प्लेट्स मोजल्या. कॅटॅलेज असताना हिरड्याचं संरक्षण घटलं, पूर्ण गेलं नाही पण स्पष्ट घटलं. उकळलेल्या कॅटॅलेजने काही फरक पडला नाही. गुळवेलच्या काढ्यावर कॅटॅलेजचा परिणाम दिसत नाही, म्हणजे तिचं जे काही चाललंय ते वेगळं आहे.

मी प्लेट्स घेऊन पळतच मॅडमच्या केबिनमधे गेले. नळीतला सगळ्यात ताकदवान अँटीऑक्सिडंट पेशीला वाचवतो तो निदान काही अंशी ऑक्सिडंट बनून! यासाठी केलं सगळं. मॅडम म्हणाल्या परत कर, नवीन कल्चरवर, आणि प्लेटवरचे नंबर पार्टनरला झाकून मोजायला दे.

२४ मार्च

परत केलं, झाकून मोजलं, तसंच आलं.

२९ मार्च

रिपोर्ट लिहायला घेतला. टायटल बदललं, आधी 'अँटीऑक्सिडंट व संरक्षक गुणधर्म' असं एका दमात होतं, आता दोन वेगळे भाग आहेत आणि दोघांचा क्रम शेजारी शेजारी मांडलाय. माणसाच्या आजारांबद्दल एकही ओळ नाही. यीस्टच्या एका जातीवर, एका प्रकारच्या त्रासाला, धुतल्यानंतरचं संरक्षण, एवढंच. आपल्या आतड्यातून यातलं किती आत जातं, आतड्यातले जंतू त्याचं काय करतात, लिव्हरपर्यंत काय पोचतं, हे आमच्या प्रयोगात कुठेच नाही. सेक्रेटरी काकांच्या टेस्ट नॉर्मल आल्या, त्यांच्या डॉक्टरांनी रोजचा काढा थांबवायला सांगितलंय.

पुढच्या बॅचसाठी: गुळवेलच्या काढ्यात साखर किती आहे ते आधी मोजा आणि तेवढंच ग्लुकोज देऊन एक कंट्रोल लावा, नुसतं खायला मिळाल्यामुळे यीस्ट तगडं झालं का हे अजून बाद झालेलं नाही. दुसरं, त्या तासाभरात सायक्लोहेक्झिमाइड देऊन प्रथिनं बनणं थांबवा, संरक्षण गेलं तर ते पेशीने स्वतः उभं केलेलं होतं असं म्हणायला आधार मिळेल. ते विषारी आहे, ग्लोव्हज घालून आणि मॅडम समोर असतानाच. बाळहिरडा पण घ्या. उरलेले अर्क डीप फ्रीझरच्या दुसऱ्या कप्प्यात आहेत, प्रत्येक बाटलीवर वजन, तारीख आणि हर्बेरियमचा नंबर लिहिलाय, बाटली रूम टेंपरेचरला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर अर्क पाणी ओढून घेईल. सिलिकाचं मामांना विचारा.